मोआबला सायकल आणि कॅमेरा घेऊन एक दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सॉल्ट लेक सिटीच्या बाजूला राहते. मोआब इथून गाडीने चारेक तास, त्यामुळे डेन्व्हर, बे एरिया नाहीतर थेट पुण्याहून कोणी यायचं ठरवलं की व्हॉट्सॲपवर प्रश्न सुरू होतात आणि ते बहुतेक वेळा तेच असतात. म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय. खाली जे काही आहे त्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : या वाळवंटी कॅन्यनच्या प्रदेशात दिवस मैलांवरून आखू नका, उजेड कधी कुठे असेल आणि पाणी किती आहे यावरून आखा. किती मैल होतात ते मग आपोआप ठरतं.

मोआब नक्की कुठे आहे? तिथेच का जायचं?

युटाच्या आग्नेय भागात, कोलोरॅडो नदीच्या काठी. साधारण पाच हजार वस्तीचं गाव, उंची ४,००० फुटांच्या आसपास. गावाच्या उत्तरेला लागूनच आर्चेस नॅशनल पार्क, नैऋत्येला कॅन्यनलँड्स, जवळच डेड हॉर्स पॉइंट स्टेट पार्क आणि पूर्वेला ला साल डोंगर, ज्यातलं माउंट पील हे शिखर १२,७२१ फूट आहे. म्हणजे ऑक्टोबर संपता संपता एकाच फ्रेममध्ये पुढे लाल खडक आणि मागे बर्फ मिळू शकतो. डेन्व्हरहून साडेपाच-सहा तास लागतात, कोलोरॅडोमधलं ग्रँड जंक्शन विमानतळ सगळ्यात सोयीचं, तिथून दोन तासांच्या आत पोचता.

१९५० च्या दशकात इथे युरेनियमसाठी झुंबड उडाली होती. आज आपण ज्या कच्च्या रस्त्यांवर सायकल चालवतो त्यातले बरेचसे त्या काळात खाणवाल्यांनी पाडलेले आहेत. पुढे खाणी बंद पडत गेल्या, आणि १९८० च्या दशकात माउंटन बाइक आल्या तेव्हा हे रस्ते आणि हे उघडे खडक आयतेच तयार होते. इथलं सायकलिंग जगात नावाजलेलं आहे ते त्यामुळे.

कोणत्या महिन्यात यायचं?

मार्चचा शेवट ते मे, नाहीतर सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबर संपेपर्यंत. माझी पसंती ऑक्टोबरला, कारण सूर्योदय साडेसातच्या आसपास आणि सूर्यास्त पावणेसातच्या आसपास, त्यामुळे पहाटे तीनला उठायची शिक्षा नाही आणि दुपारीही सायकल चालवण्याइतपत हवा असते. जूनमध्ये सूर्य सहाच्या आधी उगवतो आणि पावणेनऊला मावळतो, मधला सगळा वेळ नुसती भट्टी. जून ते ऑगस्ट पारा ३८ डिग्रीच्या वर सहज जातो आणि सावली म्हणजे एखादं खुरटं जुनिपरचं झाड. भारतातून सुट्टी उन्हाळ्यातच मिळते हे मला माहितीये, तर मग सकाळी दहाच्या आत सायकल आटपा आणि बाकीचा दिवस गाडी, नदीकाठ, म्युझियम असं काहीतरी करा. जुलै ते सप्टेंबर दुपारच्या वादळांचा पण काळ असतो, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

एकच दिवस आहे हो. नक्की काय करू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, त्यामुळे उत्तरही लांबलचक आहे.

पहाट डेड हॉर्स पॉइंटला. मोआबहून उत्तरेला हायवे १९१, मग डावीकडे ३१३, एकूण साधारण ३२ मैल आणि गाव ते वरचं पठार अशी दोनेक हजार फूट चढाई, हे गाडीनेच करा. पार्क सहाला उघडतं. पॉइंटवर उभं राहिलात की कोलोरॅडो नदी २,००० फूट खाली पूर्ण वळसा घेऊन जाताना दिसते. सूर्य वर यायच्या आधीची पंधरा-वीस मिनिटं चुकवू नका, आकाशाचा गुलाबी-जांभळा उजेड खाली सगळीकडे सारखा पसरलेला असतो, काळ्या सावल्या अजून पडलेल्या नसतात आणि कॅन्यनच्या आतले सगळे थर दिसतात. सूर्य वर आला की कड्यांचे फक्त वरचे पट्टे पेटतात आणि नदी अर्धा-एक तास सावलीत राहते. बरेच लोक त्या पाच मिनिटांचा फोटो काढून गाडीकडे वळतात आणि मला अगदी ओरडून सांगावंसं वाटतं की थांबा, उजेड हळूहळू खाली उतरतोय, आत्ताच तर सुरू झालंय.

मग नाश्ता, आणि साडेनऊच्या सुमारास व्हिजिटर सेंटरजवळून सायकली काढायच्या. इथे खास माउंटन बाइकसाठी केलेल्या पायवाटा आहेत, इंट्रेपिड, ग्रेट पिरॅमिड, रेव्हन रोल, बिग चीफ अशी नावं, सगळ्या मिळून साधारण १६ मैल, लूपला लूप जोडलेले, त्यामुळे तीन मैल करा नाहीतर बारा, कुठूनही परत फिरता येतं. चढ-उतार फार नाहीत, मधे मधे खडकाचे सपाट तुकडे, थोडी वाळू, आणि वाट थेट कड्याच्या जवळ जाऊन परत झाडीत शिरते. पहिल्यांदा येणाऱ्याला मी इथेच पाठवते, कारण दर दहा मिनिटांनी थांबावंसं वाटेल असं काहीतरी समोर येतं आणि थांबलं तरी दिवसाचं गणित कोलमडत नाही.

दुपारी जेवण आणि थोडी विश्रांती, खरंच विश्रांती, गाडीच्या सावलीत पाठ टेकून. त्या वेळचा उजेड सपाट आणि पांढरट असतो, मोठ्या देखाव्यांचे फोटो त्यात निस्तेज येतात.

तीननंतर कॅन्यनलँड्सचा आयलंड इन द स्काय भाग, ३१३ वर थोडं मागे येऊन तिथून फुटणाऱ्या रस्त्याने. मेसा आर्च नावाच्या खडकाच्या कमानीच्या पार्किंगपासून ग्रँड व्ह्यू पॉइंटपर्यंत डांबरी रस्ता आहे, एका बाजूने सहा मैल, पठारावरचा, बऱ्यापैकी सपाट. रस्त्याला कडेची पट्टी जवळजवळ नाही म्हणून भडक जॅकेट आणि मागचा लाल दिवा लावाच. ग्रँड व्ह्यूला पोचेपर्यंत ऊन तिरकं झालेलं असतं आणि खालचं पठार, त्यात चिरलेल्या घळी, त्या घळींच्या काठाची पांढरी किनार हे सगळं उठून दिसायला लागतं. परत येऊन सायकली गाडीला लावा आणि सूर्यास्ताला ग्रीन रिव्हर ओव्हरलुकला जा, जवळच आहे आणि पश्चिमेकडे तोंड आहे. अंधारात त्या रस्त्यावर सायकल नको.

एवढं केलंत तर सायकल जेमतेम वीस-बावीस मैल होते. कमी वाटतं ना? दिवसभर कॅमेरा काढ-घाल केल्यावर वाटणार नाही.

सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेत, इथे काय वेगळं असणार?

एक गोष्ट अगदी उलटी आहे आणि ती आधी डोक्यात ठेवा. गडावर जाताना चढ सकाळी, ताज्या पायांनी होतो आणि दमल्यावर उतार असतो. इथे गाडी तुम्हाला पठारावर नेऊन सोडते, मग वाट खाली उतरते, मजेत उतरता, ब्रेक दाबत दाबत, आणि मग दुपारच्या उन्हात, अर्ध्या पाण्यावर, तोच उतार चढून यायचा असतो. शेफर ट्रेल म्हणून जो नागमोडी रस्ता कड्यावरून खाली जातो त्याचे फोटो बघून खूप जणांना तिथे सायकल घालायची असते. उतरा, पण उतरायला लागलेल्या वेळाच्या किमान तिप्पट-चौपट वेळ वर यायला धरा, आणि निम्मं पाणी संपायच्या आत वळा, नजारा कितीही चांगला असू दे.

दुसरं म्हणजे इथे वाटेत झरा नाही, टाकं नाही, कोणाचं घर नाही, ताकवाली मावशी नाही.

पाणी किती घ्यायचं?

पार्कवाले माणशी दिवसाला किमान एक गॅलन सांगतात, म्हणजे ३.८ लिटर. सायकलवर तीन लिटरची पाठीवरची पिशवी आणि फ्रेमला एक बाटली, बाकी गाडीत मोठा कॅन. डेड हॉर्स पॉइंटला वरचं सगळं पाणी टँकरने आणावं लागतं, त्यामुळे कॅन मोआबमधूनच भरून निघा.

नुसतं पाणी ढोसू नका. इथली हवा इतकी कोरडी की घाम आला हे कळतच नाही, टीशर्ट कोरडा असतो आणि त्यावर मिठाचे पांढरे डाग दिसतात. लिंबू-साखर-मीठ सरबत, कोकम, किंवा दुकानातली इलेक्ट्रोलाइटची पावडर, काहीही चालेल पण मीठ पोटात गेलं पाहिजे. डोकं दुखणं, चिडचिड, लघवी गडद होणं ही सुरुवात असते. फोटो काढणारा माणूस एका जागी रमतो आणि प्यायचं विसरतो हे मी बरोबरच्या लोकांत कायम बघते, म्हणून साधी सवय लावा : कॅमेरा बाहेर काढला की आधी दोन घोट.

आणि डेड हॉर्स पॉइंट नावामागची दंतकथा पण पाण्याचीच आहे. पॉइंटला जोडणारी जमिनीची पट्टी फक्त ३० यार्ड रुंद आहे, तिथे झाडाच्या फांद्यांचं कुंपण घालून काउबॉय लोक रानटी घोडे टोकावर कोंडायचे, चांगले निवडून न्यायचे. एकदा उरलेले घोडे तिथेच अडकले आणि दोन हजार फूट खाली नदी दिसत असताना तहानेने मेले, असं सांगतात.

खायला काय न्यावं?

धपाटे आणि शेंगदाण्याची सुकी चटणी. उन्हात खराब होत नाहीत, एका हाताने खाता येतात. चिक्की, खजूर, डिंकाचे लाडू. चॉकलेट वितळून बॅगेत पसरतं. आणि सायकल सोडून फोटो काढायला गेलात तर खाऊची पिशवी उघडी ठेवू नका, इथले डोमकावळे भलतेच हुशार आहेत, बॅगेची चेन ओढून उघडतात.

सायकल कोणती? भाड्याने मिळते का?

मोआबच्या मेन स्ट्रीटवर आणि आजूबाजूला भरपूर दुकानं आहेत, वसंतात आणि ऑक्टोबरच्या वीकेंडला आधी बुक करा. पायवाटांसाठी पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शनवाली माउंटन बाइक घ्या, दुकानात उंची-वजन विचारून सस्पेन्शन सेट करून देतात, ते करून घ्या, घाई करू नका. हेल्मेट, पंप, एक ट्यूब, टायर लिव्हर, मल्टिटूल हे सगळं बरोबर आहे ना हे तिथेच उघडून बघा.

ई-बाइकचे नियम प्रत्येक वाटेचे वेगवेगळे आहेत, एका ठिकाणी चालते म्हणून शेजारी चालेल असं नाही, भाड्याने घेतानाच कुठे जाणार ते सांगून विचारा.

नॅशनल पार्कच्या आत सायकल फक्त रस्त्यांवर, डांबरी असो वा कच्चा. चालायच्या पायवाटांवर सायकल अजिबात नाही, ढकलत नेणंसुद्धा नको. आर्चेसमधल्या डेलिकेट आर्च या कमानीला सायकल घेऊन जाता येईल का असं विचारणारे बरेच असतात. नाही येत. जाऊन-येऊन तीन मैल आहेत, चालत जा.

टायर पंक्चर फार होतात म्हणे?

होतात, आणि कारण तुमच्या ओळखीचं आहे. आपल्याकडे माळरानावर अनवाणी चालताना पायात घुसणारा सराटा, म्हणजे गोखरू, तीच वनस्पती इथे आहे, इंग्रजीत गोटहेड म्हणतात. मूळची अमेरिकेची नाही, बाहेरून आली आणि रस्त्याच्या कडेला, पार्किंगच्या खडीत पसरली. टायरमध्ये रुतलेला सराटा बघितला तर तेच रूप : पिवळट, कडक, कशीही फेकली तरी एक टोक वर राहील अशी शिंगं. वाटेत दिसला तर लगेच उपटू नका, ट्यूबलेस टायर असेल तर आतला चीक भोक बुजवतो, काटा मुक्कामी पोचल्यावर काढा. साधी ट्यूब असेल तर दोन जास्तीच्या ठेवा. आणि सायकल गाडीतून उतरवली की खडीवरून चालवत नेऊ नका, उचलून डांबरावर ठेवा, निम्मे पंक्चर इथेच वाचतात.

स्लिकरॉक ट्रेल करावी का? सगळे तेच नाव घेतात.

पहिल्या दिवशी आणि कॅमेरा घेऊन, नाही. सँड फ्लॅट्स भागातली ही साधारण दहा मैलांची वाट १९६९ मध्ये मोटरसायकलसाठी आखलेली, आज सायकलवाल्यांचं तीर्थक्षेत्र आहे. नुसता उघडा वालुकाश्म, एके काळच्या वाळूच्या टेकड्या दगड होऊन जशाच्या तशा राहिल्यात, आणि रस्ता म्हणून खडकावर पांढऱ्या रंगाच्या रेघा मारल्यात त्या पकडत जायचं. टायरला पकड विलक्षण मिळते, पण चढ इतके उभे की पुढचं चाक उचललं जातं आणि उतारावर सीटच्या मागे सरकून बसावं लागतं. पाठीवर ट्रायपॉड असेल तर तोल जातो. हौस असेल तर सुरुवातीला सरावाचा छोटा लूप आहे तो करा आणि कॅमेऱ्याऐवजी फोन ठेवा.

व्हाइट रिम रोड एका दिवसात होईल?

आयलंड इन द स्कायच्या पठाराला खालून वळसा घालणारा हा रस्ता १०० मैल आहे, तो पण कच्चा, वाळू आणि चढांसकट. जबरदस्त तयारीचे लोक एका दिवसात करतात, पण ते फोटोला थांबत नाहीत. फोटो हवे असतील तर तीन-चार दिवस, बरोबर सामान आणि पाणी वाहणारी गाडी, आणि पार्कचं परमिट. एका दिवसासाठी सायकल नेली तरी परमिट लागतं. हा रस्ता अणुऊर्जा आयोगाने १९५० च्या दशकात युरेनियमच्या ट्रकसाठी केला होता.

रोड बाइक आहे, माउंटन बाइक जमत नाही. मग?

मग हायवे २७९, ज्याला सगळे पोटॅश रोड म्हणतात. कोलोरॅडोच्या काठाकाठाने १७ मैल डांबरी, जवळपास सपाट, एका हाताला नदी आणि दुसऱ्या हाताला डोक्यावर येणाऱ्या लाल भिंती. वाटेत भिंतीवर आदिवासींनी कोरलेली चित्रं आहेत, माणसं, मेंढे, रस्त्यावरून दिसतात. लांबूनच फोटो काढा, हात लावू नका, बोटांचं तेल दगडाला लागतं, आणि ही आजही इथल्या लोकांच्या पूर्वजांची जागा आहे. गावापासून नदीच्या पुलापर्यंत आणि पुढे आर्चेसच्या दारापर्यंत गाड्यांपासून वेगळा सायकल रस्ता पण आहे, कुटुंबासोबत संध्याकाळी तासभर फिरायला छान.

कॅमेरा कोणता, लेन्स कोणत्या, आणि सायकलवर न्यायचं कसं?

एक बॉडी, एक झूम. २४ ते १०५ मिलिमीटर असं काहीतरी असलं तर लेन्स बदलायची वेळच येत नाही, आणि इथे वाऱ्यात लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर तांबडी धूळ बोलावणं. दुसरी न्यायचीच असेल तर वाइडपेक्षा (खूप रुंद भाग टिपणारी) टेली (लांबचं जवळ आणणारी) न्या. वाइड लेन्सने कॅन्यन लांब पळतो, सगळं बारीक बारीक होतं. टेलीने मागचे-पुढचे कडे एकमेकांजवळ येतात आणि थर दिसतात.

कॅमेरा गळ्यात लटकवून चालवू नका, पडलात तर छाती आणि कॅमेरा दोन्ही फुटेल. पाठीच्या बॅगेत असेल तर काढायचा कंटाळा येतो आणि फोटो होत नाहीत. कमरेची जाड अस्तराची बॅग, पट्टा घट्ट करून मागे फिरवलेली, थांबलं की पुढे ओढायची, हे मला सगळ्यात सोयीचं वाटतं. ट्रायपॉड फक्त पहाटेला आणि सूर्यास्ताला, म्हणजे गाडीत. फोन हँडलला लावून खडबडीत वाटेवर तासन्तास नेऊ नका, सततच्या हादऱ्यांनी कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं.

आणि हो, नुसता फोन असला तरी या दिवसाचे उत्तम फोटो निघतात. उजेड बरोबर असेल तर.

सेटिंग सांगा ना.

पहाटे ट्रायपॉडवर आयएसओ १००, एफ ११, शटर येईल तेवढा. आकाश उजळ आणि दरी काळी, एका क्लिकमध्ये दोन्ही मावत नाही, म्हणून दोन-दोन स्टॉपच्या फरकाने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फोटो घ्या आणि रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये ठेवा. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर बांधून टाका, ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा खडकाचा तांबूसपणा ‘दुरुस्त’ करत बसतो. पोलरायझर फिल्टर पानांची आणि ओल्या खडकाची चकाकी काढायला चांगला, पण वाइड लेन्सवर आकाशाचा एक कोपरा गडद निळा आणि बाकी फिकट येतो, ते वाईट दिसतं.

चालती सायकल गोठवायची तर एक हजारांश सेकंद, आणि मागचं धूसर पळताना हवं असेल तर तिसांश ठेवून सायकलबरोबर कॅमेरा फिरवायचा, दहातले आठ फुकट जातील, चालतं.

दुपारी फोटो काढूच नयेत का?

मोठे देखावे नकोत, एवढंच. जवळचं बघा ना. वालुकाश्मावरच्या वाऱ्याने आखलेल्या रेषा, पिळवटलेलं जुनिपरचं खोड, कड्यांवरून ओघळल्यासारखे काळे पट्टे, ज्यात मँगनीज आणि लोखंड असतं. पाऊस होऊन गेला असेल तर खडकातल्या खळग्यांत पाणी साठतं आणि त्यात सगळं आकाश उतरतं, कॅमेरा जवळजवळ पाण्याला टेकवून बघा. पण त्या पाण्यात हात-पाय घालू नका, तोंड धुऊ नका. त्यात बारीक कोळंबीसारखे जीव असतात, त्यांची अंडी कोरड्या खळग्यात पावसाची वाट बघत पडून असतात, आणि आपल्या अंगावरचं सनस्क्रीन त्यांना मारायला पुरतं.

आणि अरुंद घळीत दुपारीच जायचं असतं. एका भिंतीवर ऊन पडतं आणि समोरची सावलीतली भिंत त्या परावर्तित उजेडाने आतून नारिंगी होते. मेसा आर्चच्या सूर्योदयाचं रहस्य पण हेच. कमान पूर्वेला तोंड करून कड्याच्या टोकावर आहे, सूर्य वर आला की खालच्या भिंतीवर आपटलेला उजेड कमानीच्या पोटाला लागतो. त्यासाठी अंधारात जाऊन जागा धरावी लागते, खांद्याला खांदा लावून ट्रायपॉड असतात. दुसरा दिवस हातात असेल तर करा.

खडक इतके लाल का?

वाळूच्या प्रत्येक कणावर लोखंडाच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो. कड्याची जी उभी भिंत दिसते ती बहुतेक विंगेट वालुकाश्माची, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीची वाळू. तिच्या खाली मऊ थर, ते झिजून उतार होतात. आयलंड इन द स्कायच्या १,२०० फूट खाली व्हाइट रिमचा पांढरट थर येतो, त्यात लोखंड फारच कमी आणि तो कठीण, म्हणून सपाट टप्पा राहिलाय. नदी तिथून आणखी हजार फूट खाली. हे एकदा कळलं की फ्रेम लावणं सोपं जातं : पांढरी किनार ही तुमची रेघ, तिच्यावरून नजर आत जाते.

डेड हॉर्स पॉइंटवरून दिसणारी ती निळी तळी कसली? फोटोतून काढून टाकू का?

पोटॅशची. आपल्याकडे उसाला, केळीला घालतात तेच. साधारण ३० कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, तो आटून मीठ आणि पोटॅशचे जाड थर राहिले. त्या थरांत पाणी सोडतात, खारं पाणी वर खेचतात आणि उन्हात वाळवतात, ऊन जास्त शोषलं जावं म्हणून त्यात निळा रंग टाकतात. मी काढत नाही. लाल मातीत तो निळा रंग दिसतोही सुंदर, आणि तो प्रदेश खरा तसाच आहे.

फोटोत सायकलवाला हवा का?

हवाच, नाहीतर कड्याचा आकार कळतच नाही. बरोबरच्या माणसाला निळा, फिरोजी किंवा पिवळा टीशर्ट घालायला सांगा, लाल-नारिंगी घातला की तो खडकात विरघळून जातो. त्याला कड्याच्या टोकावर उभं करायची गरज नाही. तुम्ही बाजूला सरकून, खाली बसून फोटो काढला तर दहा फूट आत असलेला माणूसही टोकावर असल्यासारखा दिसतो. वाऱ्याचे झोत अचानक येतात, वालुकाश्माच्या कडा मोडतात, खाली कठडा नाही. आणि चालत्या सायकलवरून फोटो नाही म्हणजे नाही. थांबा, पाय टेका, सायकल खडकावर आडवी ठेवा, मग कॅमेरा.

वाटेबाहेर दोन पावलं गेलं तर काय बिघडतं?

खूप. वाटेच्या कडेला करपलेल्या पिठासारखी काळी, खरबरीत, उंचसखल माती दिसेल. ती जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया, शैवाक, शेवाळ यांचं जाळं असतं ते, तेच वाळू धरून ठेवतं, पाणी मुरवतं, नायट्रोजन देतं. एका बुटाचा किंवा टायरचा ठसा भरून यायला अनेक दशकं जातात. फोटोसाठी बाजूला जायचं तर खडकावरून जा, किंवा पाणी वाहून गेलेल्या वाळूच्या ओहोळातून. खडक नसेल तर तो फोटो सोडा. मला याबद्दल मनापासून वाटतं, कारण बहुतेक लोक वाईट हेतूने पाय ठेवत नाहीत, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

पाऊस आला तर?

कोरड्या ओढ्यातून लगेच बाहेर. पाऊस दहा मैलांवर पडला तरी लोंढा तुमच्याकडे येऊ शकतो, वर आकाश निळं असताना. विजा दिसल्या की पठाराच्या कडेवरून मागे, गाडीत. पाऊस थांबल्यावर चिकणमातीच्या वाटांवर सायकल घालू नका, माती चाकाला इतकी चिकटते की चाक फिरायचं थांबतं, आणि पडलेली चाकोरी वाळून तशीच राहते. पण वादळ सरून जाताना पश्चिमेकडून ऊन आलं तर तो उजेड वर्षभर बाकी कधीच मिळत नाही, म्हणून गाडीत बसून वाट बघा, हॉटेलवर पळू नका.

आई-बाबा भारतातून आलेत, त्यांना काय जमेल?

पुष्कळ काही. डेड हॉर्स पॉइंटला पार्किंगपासून थोडंच चालायचं, वाट पक्की आहे. ग्रँड व्ह्यूला पार्किंगपासून नजारा जवळच आहे. मेसा आर्च जाऊन-येऊन पाऊण मैलाच्या आत, खडबडीत आहे पण काठी घेऊन हळूहळू जमतं. उंची ६,००० फुटांच्या आसपास, त्यामुळे हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि मफलर-स्वेटर घ्या, पहाटे चांगलीच थंडी असते. तुम्ही सायकलवर आणि घरातलं कोणी त्यांना घेऊन गाडीने पुढच्या पॉइंटवर, असं केलं तर तुम्हाला पाण्याची गाडी मिळते आणि त्यांना दिवसभर खोलीत बसावं लागत नाही.

पास, परवानग्या, ड्रोन?

नॅशनल पार्कचा वार्षिक पास डेड हॉर्स पॉइंटला चालत नाही, ते राज्याचं पार्क आहे, वेगळी फी. आर्चेसला गेल्या काही वर्षांत गर्दीच्या महिन्यांत आधी वेळ बुक करावी लागायची, नियम बदलत असतात, निघायच्या आठवड्यात पार्कची वेबसाइट बघा. ड्रोन नॅशनल पार्कमध्ये बंद, घरीच ठेवा.

फोनला रेंज येते का?

गावात येते, वर कुठे येते, कुठे अजिबात येत नाही. नकाशे आधी डाउनलोड करा, आणि परत यायची वेळ कोणाला तरी सांगून ठेवा.

रात्री तारे दिसतात का? थांबायचं का?

थांबा. कॅन्यनलँड्स आणि डेड हॉर्स पॉइंट दोन्ही डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारी पार्कं आहेत. अमावस्येच्या जवळची तारीख धरलीत तर आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते, ऑक्टोबरमध्ये अंधार पडल्यावर नैऋत्येकडे बघा. जेवण बरोबर ठेवा, वर हॉटेल नाही.

परत आल्यावर कॅमेरा आणि सायकलचं काय?

कॅमेऱ्यावरची धूळ आधी ब्लोअरने उडवा, मग कापड. आधी कापड फिरवलंत तर वाळूचे कण काचेवर घासले जातात. लेन्सच्या फिरणाऱ्या कड्यात करकर आवाज आला तर जोर लावून फिरवू नका. सायकल स्वतःची असेल तर साखळी कोरड्या फडक्याने पुसून ड्राय ल्यूब (कोरडं वंगण) लावा, ओलं तेल लावलं की दुसऱ्या दिवशी त्यावर वाळूचा लेप बसतो आणि दाते झिजतात. फोटो त्याच रात्री दुसऱ्या कार्डवर किंवा लॅपटॉपवर कॉपी करा, आणि हे सगळं झाल्याशिवाय झोपू नका.